सोसायटी ग्रुप, रत्नागिरी : एमसीएची फी आणि मुलींची सवलत

बी-204 (काकू): नमस्कार मंडळी. मुलीला कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) नवी मुंबईत एमसीएची (कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स) सीट लागली आहे, ओबीसीतून. कॉलेजने पहिल्या वर्षाचे 1,48,000 सांगितले, होस्टेल वेगळं. घरचं उत्पन्न 6 लाखांच्या आत. मुलींना फी माफ आहे ना? मग हे एवढे कशाचे?

ए-302: काकू, माफी आहे, पण सगळ्या रकमेची नाही. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलं, तर शिक्षण शुल्क (ट्यूशन) आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, होस्टेल, मेस यात येत नाही. आधी कॉलेजकडून लेटरहेडवर फीची फोड मागून घ्या.

बी-204 (काकू): मागितली होती, आत्ता आली. ट्यूशन 1,18,000, डेव्हलपमेंट 14,000, परीक्षा 6,000, डिपॉझिट आणि इतर 10,000.

ए-302: म्हणजे 1,24,000 सवलतीत, 24,000 तुमच्याकडून. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकून मंजूर फी बघा आणि या फोडीशी जुळवा. त्यापेक्षा जास्त मागितली तर सरळ विचारा, 2015 च्या कायद्याने कॅपिटेशन फी (मंजूर फीवरची जादा वसुली) घ्यायला बंदी आहे. आणि काउंटरवर "आधी पूर्ण भरा, शासनाकडून आले की परत देऊ" म्हणाले तर लगेच हो म्हणू नका. पात्र मुलींकडून शिक्षण शुल्क आधी घेऊ नये अशा सरकारच्या सूचना आहेत. शासन निर्णयाची प्रत जवळ ठेवा, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याला अर्थ नाही.

सी-103: माझा भाचा मॅनेजमेंट कोट्यातून घेतोय. त्याला फीत 50 टक्के सवलत तरी?

ए-302: नाही. महाडीबीटीवर (सवलतीचा अर्ज भरायचं राज्य सरकारचं पोर्टल) कॅपचं अलॉटमेंट लेटर लागतं. कॅपमधून आलेल्या मुलाला 50 टक्के मिळाले असते. सीट पक्की करण्याआधी हे त्याला सांगा, दोन वर्षांचा हिशोबच बदलतो.

डी-401 (दादा): काकू, कागदांचं सांगतो. सेतूत (दाखले काढायच्या सरकारी केंद्रात) जाताना तीन कामं एकदम करा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर (ओबीसीतल्या सधन गटात नसल्याचा दाखला) आणि डोमिसाइल. नॉन-क्रिमिलेअर या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालणारं हवं, जुनं चालत नाही. ते तीन वर्षांच्या उत्पन्नावर निघतं. बाग असेल तर सातबारा आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल लागतो. तलाठी सजावर कोणत्या दिवशी असतात ते फोन करून विचारा. गणपतीच्या सुट्ट्या मध्ये आल्या की आठवडा जातो, तेव्हा चतुर्थीच्या आधीच अर्ज टाका. जात वैधतेचं प्रमाणपत्र मात्र तयार असेलच, प्रवेशालाच लागलं असणार.

आता अर्ज. महाडीबीटीवर प्रत्येक फाइल 256 केबीच्या आत हवी. मोबाइलचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो, तो जात नाही. कमी करताना इतका पुसट करू नका की दाखल्याचा बारकोड नंबर वाचता येणार नाही, कारण तो नंबर एक-एक अंक तपासून टाकायचा असतो. अर्ज टाकला म्हणजे झालं असंही नाही. कॉलेजकडून "सेंड बॅक" होतो, एसएमएस येतोच असं नाही. दर आठ दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघा. मुदतीत दुरुस्त करून परत पाठवला नाही तर त्या वर्षाचे पैसे गेले. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल वेगळं भरायचं.

बी-204 (काकू): आणि पैसे कोणत्या खात्यात येतात? तिची दोन खाती आहेत.

डी-401 (दादा): हीच खरी गोची. खात्याला आधार "लिंक" असणं वेगळं, आणि डीबीटीसाठी "सीडिंग", म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे त्याची नोंद, वेगळं. सीडिंग एकाच खात्याला असतं, शेवटी ज्या बँकेत केलं त्या. आधारच्या वेबसाइटवर "बँक सीडिंग स्टेटस" मध्ये तिचा आधार नंबर टाका, बँकेचं नाव आणि अ‍ॅक्टिव्ह की इनअ‍ॅक्टिव्ह ते दिसतं. शाळेत असताना उघडलेलं, पाच वर्षं हात न लावलेलं खातं निघालं तर शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून वापरातल्या खात्यावर करून घ्या. मोबाइल नंबरही आधारला चालू असलेलाच हवा, ओटीपी त्यावरच येतो.

ए-101 (काका): वहिनी, उरलेल्या खर्चासाठी कर्जाचं मी सांगतो. होस्टेल, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं शैक्षणिक कर्जात बसतं, पण अर्जातच लिहायला हवं. नुसती ट्यूशन लिहिली की नंतर वाढवून मिळवायला त्रास. 4 लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा वाटा) नाही. 4 ते 7.5 लाखांत बँका जामीनदार मागतात, त्यावर गेलात की तारण.

हिशोब असा धरा. वर्षाला 1 लाख, दोन वर्षांत 2 लाख, दर 10 टक्के. पहिल्या लाखाचं दोन वर्षांचं व्याज 20,000, दुसऱ्याचं 10,000. कोर्सनंतर एक वर्ष हप्ता नसतो, त्याचे आणखी 20,000. म्हणजे हप्ता सुरू होताना 2.5 लाख डोक्यावर. त्याऐवजी पहिल्या वर्षी महिना 833 आणि नंतर 1,667 व्याज भरत गेलात तर मुद्दल 2 लाखच राहतं. माझ्या मते हेच करा.

बी-204 (काकू): काका, ते केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी कर्जाचं काय?

ए-101 (काका): त्यात 3 टक्के व्याज सवलत आहे, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर, उत्पन्न 8 लाखांपर्यंत. पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं, आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्याला ती सवलत नाही. तुमच्या बाबतीत फी माफीच कितीतरी मोठी आहे, ती सोडू नका. तुमचे साहेब जुन्या कररचनेत असतील तर भरलेलं व्याज करपात्र उत्पन्नातून आठ वर्षं वजा होतं, नव्या रचनेत नाही.

बी-204 (काकू): सीडिंग बघितलं. सावंतवाडीच्या जुन्या खात्यावर आहे आणि इनअ‍ॅक्टिव्ह दाखवतंय. उद्या सकाळी बँक, मग सेतू.

डी-401 (दादा): आधारची झेरॉक्स दोन घेऊन जा काकू, आणि तिलाही सोबत न्या. सही तिचीच लागेल.