रुंद खांब 24व्या थापेला मोडला, तर उतार पक्का मानायचा का?

पांढरीवाट: हिमस्खलनाचा धोका आहे का ते पाहायला खड्डा खणून बर्फाचे दोन खांब कापले आणि वर फावडं ठेवून त्यावर हाताने थापा मारल्या. उत्तरेकडचा उतार, 35 अंश. एकूण बर्फ 65 सेंमी. वर वाऱ्याने दाबलेला 45 सेंमीचा थर, त्यात चार बोटं शिरतात. खाली जमिनीपर्यंत 20 सेंमी साखरेसारखे सुटे दाणे, त्यात अख्खी मूठ जाते. 30×30 सेंमीचा खांब 22व्या थापेला मोडला. 90 सेंमी रुंद खांबात 24व्या थापेला तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. दोन्ही आकडे 20च्या वर आहेत, म्हणजे मोडायला बराच जोर लागला. एकेकाने उतरायला हरकत आहे का?

थरवाचक: उतरू नका. तुमच्या निकालात 24 हा आकडा दुय्यम आहे, 'या टोकापासून त्या टोकापर्यंत' हे मुख्य. छोटा खांब सांगतो, थर मोडायला किती जोर लागतो. रुंद खांब सांगतो, मोड सुरू झाल्यावर पसरते का. आणि अख्खा उतार सुटतो, म्हणजे त्यावरचा बर्फ घसरून खाली येतो, तो मोड पसरल्यामुळेच. तडा सुरू झाला त्याच किंवा पुढच्याच थापेला पूर्ण रुंदी ओलांडली, तर निकाल वाईट धरायचा. मोडताना खांब एकदम खाली बसला का? आणि खालच्या थराचं तापमान घेतलंत का?

पांढरीवाट: हो, एकदम बसला. जमिनीलगत 0 अंश, 20 सेंमीवर उणे 4.

गोठणबिंदू: म्हणजे दर 10 सेंमीला 2 अंशांचा फरक. 1 अंशाच्या वर गेला की वाफ खालून वर सरकते आणि दाणे कंगोरे धरून सुटे होतात. तुमचा थर अजून कमजोरच होतोय. वर बर्फ साठला, थंडी ओसरली, की फरक घटतो आणि दाणे पुन्हा चिकटायला लागतात. पण त्याला आठवडे लागतात, कधी थर हंगामभर तसाच राहतो. ताजा बर्फ दोन-तीन दिवसांत बसतो, तो हिशोब इथे लावू नका.

शिवाय खड्डा फक्त त्या जागेचं सांगतो. खडकांजवळ बर्फ पातळ असतो, तिथे एका माणसाचं वजनही खालच्या थरापर्यंत पोचतं आणि तडा तिथून जाड भागात धावतो. आधी चौघं सुखरूप उतरली, तरी पाचव्याच्या पायाखाली उतार सुटू शकतो.

कोनमाप: एकेकाने उतरल्याने गाडले जाणारे कमी होतात, उतार सुटण्याची शक्यता फारशी कमी होत नाही. असा थर असेपर्यंत 30 अंशांखालीच राहा. काठी उतारावर वरून खाली अशी टेकवून तिच्यावर कोनमापक ठेवा. नकाशावरच्या समोच्च रेषांत छोटे तीव्र टप्पे दिसत नाहीत. वाटेच्या वर तीव्र उतार असेल तर सपाटीवरूनही जाऊ नका, हा थर दुरून, खालूनही सुटतो. पायाखाली 'धप्प' आवाज झाला किंवा पुढे भेगा धावल्या, तर खांब कापत बसू नका, आल्या पावली मागे फिरा.