अनुभव धागा: अथणी-तेलसंगचा कोरडा पट्टा, तिथलं राहणं, शेती आणि बघण्यासारखं

बेळगाव म्हटलं की लोकांना खानापूरचं जंगल आठवतं. जिल्ह्याची पूर्व बाजू, अथणीपासून विजापूरच्या हद्दीपर्यंतचा दुष्काळी भाग, कुणी विचारात घेत नाही. खानापूरला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तरी द्राक्ष, ऊस आणि बेदाण्यावर अथणी झपाट्यानं वाढतेय. जाणकारांनी नेमकं लिहावं: काय करतात, कुठे चुकतं, काय बघावं. गप्पा नकोत, माहिती हवी.

तेलसंगकडून, बेदाण्याबद्दल

इथली कोरडी हवा हेच आमचं भांडवल. फेब्रुवारी ते एप्रिल शेड भरलेली असतात, तेव्हाच या.

माल उतरवताना गोडी २२ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) वर हवी. घाईनं कमी गोडीचा माल उतरवला तर उतारा घटतो आणि बेदाणा चपटा, सुरकुतलेला निघतो. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा धरा.

वाळवण्याआधी घड बुडवायचं द्रावण असं: १०० लिटर स्वच्छ पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल (याच कामासाठी मिळणारं तेल). आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवायचं, मग ढवळत ढवळत तेल सोडायचं. उलट केलं की तेल वर तरंगतं आणि अर्धे घड कोरडेच राहतात. द्रावणाचा सामू (पीएच) ११ च्या आसपास हवा. क्रेट दोन ते चार मिनिटं बुडवायचे. मण्यावरचा मेणाचा थर सैल झाला की आतलं पाणी लवकर उडतं. हे न करता वाळवलं तर दुप्पट वेळ लागतो आणि रंग तपकिरी होतो. क्रेट निथळून घड रॅकच्या जाळीवर एकेरी थरात पसरायचे. एकावर एक पडले तर खालचे घामेजून आंबतात. पुढच्या दिवसांत तेच द्रावण पातळ करून एकदोनदा फवारतात. पंधरवड्याच्या आसपास माल तयार.

ओळख सोपी आहे. मूठभर बेदाणा घट्ट दाबून सोडा. दाणे सुटे झाले तर ओल १५ टक्क्यांच्या जवळ आली. गोळा राहिला तर अजून दोन दिवस. दाबल्यावर रस आला तर पोत्यात भरूच नका, बुरशी ठरलेली.

सगळ्यात मोठी धास्ती मार्चातल्या वळवाची. ढग दिसले की बाजूचे ताडपत्रीचे पडदे सोडावेच लागतात, पण पाऊस उघडताच ते लगेच वर घ्या. बंद शेडमधली दमट हवा पावसाइतकंच नुकसान करते, माल काळा आणि चिकट पडतो.

घ्यायला येणाऱ्यांसाठी: अतिपिवळा, एकसारखा चकचकीत माल दिसला तर वास घ्या. गंधकाची धुरी जास्त झाली असेल तर नाकात झिणझिण्या येतात. हिरवट, देठ निघालेला, थोडा कमीजास्त रंगाचा दाणा खायला चांगला.

कृष्णाकाठाकडून

कोरडा पट्टा म्हणताना आमच्या बाजूला पाणी अतिच होतं हेही लिहा. २०१९ च्या महापुरात नदीकाठची गावं बुडाली होती. पण रोजचा त्रास वेगळा: उसाला पाट मोकळा सोडून रान चोपण (क्षारांनी खराब) होतं. जमिनीवर पांढरी पापडी, पावसात चिखल आणि उन्हात दगड, ही खूण दिसली की आधी माती तपासा. चुनखडीच्या रानात अंदाजानं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे वाया. चर काढून पाणी बाहेर घालवल्याशिवाय कुठलंच खत लागू पडत नाही. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात यायच्या आत गाडा. ठिबक केलं तर पाण्याची बचत होतेच, रानही वाचतं.

अथणी गावातून, चपलांबद्दल

कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चपला इथल्या आणि निपाणीकडच्या घरांत शिवल्या जातात. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, बेळगाव त्यात आहे. हा मान कारागिरांचा आहे, आणि तो दुकानदारानं ग्राहकाला सांगायलाच हवा.

घेताना तळ वाकवून बघा. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं वाकतं, तडकत नाही. शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळा दिसला तर ठेवून द्या. पहिले काही दिवस अंगठा आणि पट्टा चावतो, म्हणून आतून एरंडेल चोळा आणि घरातच थोडं थोडं वापरा. भिजली तर सावलीतच वाळवा.

रायबागकडून, फिरायला येणाऱ्यांसाठी

गोकाकचा धबधबा जुलै ते सप्टेंबरमध्येच बघा. घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली पडते; उन्हाळ्यात फक्त कातळ दिसतो. येताना करदंट घ्या: डिंक, गूळ, खोबरं, सुका मेवा. डिंक नीट फुललेला असेल तर दाताला चिकटत नाही.

चिंचलीच्या मायाक्का देवीची यात्रा माघात. सांगली-कोल्हापूरकडच्या बैलगाड्यांनी रस्ते भरतात, चारचाकी लांबच लावावी लागते. मिरज-बेळगाव मार्गावर चिंचलीला स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. अथणीला जायचं तर उगार खुर्द किंवा कुडचीला उतरून बस धरा. मराठी सगळीकडे चालते. बसची पाटी मात्र कन्नडमध्ये, म्हणून कंडक्टरला विचारूनच चढा.