डच घड्याळं कोणी बघितलीयेत का?

घड्याळवेडा: स्विस, जपानी बघून झालं, आता डच ब्रँड बघायचेत. जूनमध्ये नेदरलँड्सला चाललोय, नक्की कुठून सुरुवात करू?

काटेकोर: ग्रोनेफेल्ड!! बार्ट आणि टिम, दोघे भाऊ, ओल्डेनझालचे, आजोबा तिथल्या चर्चचं घड्याळ सांभाळायचे. त्यांचं १९४१ रेमोंत्वार हे मॉडेल बघा, हे १९४१ म्हणजे वडलांचं जन्मसाल. घड्याळाला ताकद देणारी मेन स्प्रिंग जशी उतरते तसा जोर कमी होतो ना, म्हणून मध्ये एक छोटी स्प्रिंग टाकलीये जी दर ८ सेकंदांनी परत भरली जाते आणि बॅलन्सला (वेळ राखणारं, मागेपुढे झुलणारं चाक) कायम सारखाच जोर मिळतो. मागचे स्टीलचे ब्रिज (आतली चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) जुन्या डच घरांच्या दर्शनी भिंतींसारखे आहेत, मला तर पुढच्यापेक्षा मागची बाजूच जास्त आवडते. किंमत विचारू नका 😅

मंदगती: व्हान डर क्लाऊ हा डच ब्रँड विसरलात. डायलवर सूर्याभोवती फिरणारे ग्रह, त्यातला शनी एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं घेतो, म्हणजे नातवालाच दिसणार 😂 आणि फ्रानेकर गावाला जाच, आइसिंगा नावाच्या लोकर पिंजणाऱ्याने स्वतःच्या घराच्या छताला तारांगण बसवलंय, १७८१ पासून चालू आहे.

घड्याळवेडा: अरे वा! पण बजेटमध्ये काही?

काटेकोर: होल्थिनरिक्स बघ, मूळचा आर्किटेक्ट, घड्याळाची स्टीलची केस (बाहेरचं कवच) थ्रीडी प्रिंट करतो. स्वस्त नाहीच, पण ग्रोनेफेल्डपेक्षा बरंच खाली. आणि लायडनला बूरहावे हे विज्ञानाचं म्युझियम चुकवू नको, लंबकाचं घड्याळ काढणारा हायगेन्स डचच की, १६५६.