पुराच्या गोष्टी जमवतेय, पण बैठकीत मांडायच्या कशा?

बडोदेकरीण:
ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. नंतर नुकसानीचा फॉर्म आला. शेजारच्या आजींनी लिहिलं, फ्रिज, गाद्या, दोन पोती गहू. पण त्या घर सोडून का गेल्या नाहीत, हे कुणी विचारलंच नाही. मी विचारलं. म्हणाल्या, "मेसेज आला होता गं, काळाघोड्याच्या पुलाला तीस फूट. मला पाणी पायरीवर कळतं. तिसरी पायरी ते कधी चढलंच नव्हतं." पुढच्या महिन्यात वॉर्डात नदीबद्दल बैठक आहे. अशा गोष्टी नेल्या तर ऐकतील, की रडगाणं म्हणून बाजूला ठेवतील?

फिल्डवर्कवाला:
ताई, मत विचारू नका. "जायचं की थांबायचं, हे कधी ठरलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. आणि अर्थ तुम्ही लावू नका. लोकांच्या गोष्टी जमवायची सेन्समेकर नावाची पद्धत आहे, तिच्यात कागदावर त्रिकोण असतो. तुमच्यासाठी कोपरे धरा: सरकारी सूचना, शेजारी, स्वतःचा अनुभव. आपण कशाच्या भरवशावर वागलो, तिथे सांगणाऱ्यानेच ठिपका द्यायचा. ठिपक्यांची गर्दी साहेबांना एका नजरेत दिसते, आणि प्रत्येक ठिपक्यामागे माणूस असतो.

मांडवीकर:
मला एक भीती वाटते. बोलकी माणसंच बोलतील. भाडेकरू, लारीवाले यांच्याकडे आधी जा. आणि नदी किती खोल करायची, आजवा तलावातून पाणी किती सोडायचं, ते गोष्टी सांगणार नाहीत, तिथे मोजमापच हवं. रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशात बसवलेली 'मोस्ट सिग्निफिकंट चेंज' ही पद्धतही बघा. तिथे गटाने सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट निवडायची आणि ती का निवडली, हे लिहून ठेवायचं. तो 'का' बैठकीत कामाला येतो.

बडोदेकरीण:
काका, बरं झालं सांगितलंत. अकरा घरं झाली. आठ ठिपके अनुभवाच्या कोपऱ्यात, सूचनेजवळ एकच. तो मागच्या खोलीतल्या भाडेकरूंचा. ते २०२३ मध्ये आले, पायरीची आठवणच नाही, म्हणून मेसेज वाचून सगळ्यांत आधी तेच निघाले! आता माझी मागणी एकच आहे. काळाघोड्याच्या पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट. तिथे २६, ३० आणि ३५ फूट असताना आमच्या गल्लीत पाणी कुठवर येतं, त्याच्या खुणा खांबावर रंगवा. आजींची तिसरी पायरी मी काल टेपने मोजली, रस्त्यापासून दीड फूट. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या कुणाकडे वेळ दिसणारे पुराचे फोटो असतील, २०१९ चेसुद्धा, तर कृपया इथे टाका.