मदत हवी आहे: टोकियो ते सॅन फ्रान्सिस्को, प्रवासाचे नेमके तास किती धरायचे?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत बाबा टोकियोच्या हानेदा विमानतळावरून सॅन फ्रान्सिस्कोला एकटे जाणार आहेत. त्यांना एक गोळी दर बारा तासांनी घ्यावी लागते, सकाळी आठ आणि रात्री आठ. ती चुकलेली चालत नाही, म्हणून वेळा कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवायच्या आहेत. तिथेच अडकले आहे.

तिकिटावर निघायची वेळ संध्याकाळी 5 आणि पोहोचायची त्याच तारखेला सकाळी 9.30! तारीखरेषेमुळे असं होतं हे माहीत आहे, पण प्रत्यक्ष तास किती? अंतर सुमारे 8,280 किलोमीटर दिसतं. ताशी 900 धरले तर सव्वानऊ तास. परतीच्या तिकिटावर मात्र अकरा तासांच्या वर, आणि तेही वाटेत न थांबता. अंतर तेच, मग हा फरक कुठून आला? दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणून नकाशावर आडवी रेघ धरून मोजलं तर 8,700च्या पुढे गेलं. कोणता आकडा खरा?

प्रतिसाद 1
8,280च बरोबर. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. सर्वांत जवळची वाट तीच. सपाट नकाशावर ती कमानीसारखी दिसते, म्हणून लांबची वाटते.

फरक वाऱ्याचा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. हिवाळ्यात जपानच्या आकाशात त्याचा वेग कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो विमानाला ढकलतो, येताना समोरून अडवतो. म्हणून वैमानिक दरवेळी 8,280ची रेघ धरून उडत नाहीत: जाताना वारा मिळेल तिथून, येताना तो टाळत बरंच उत्तरेकडून. किलोमीटर वाढतात पण वेळ वाचतो. अंतर भागिले वेग हा हिशोब अंदाजापुरताच ठेवा.

प्रतिसाद 2
तासांचं सांगते. जानेवारीत टोकियो सॅन फ्रान्सिस्कोच्या 17 तास पुढे असतं. तिथले सकाळचे 9.30 म्हणजे टोकियोत दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे 2.30. संध्याकाळी 5 पासून मोजा, साडेनऊ तास. यात धावपट्टीपर्यंत जाणं-येणंही आलं.

गोळीचं मात्र नीट बघा. रात्री आठची विमानात होईल. पुढची टोकियोच्या सकाळी आठला, म्हणजे तिथे उतरल्यावर त्याच दिवशी दुपारी 3 वाजता. बाबांनी तिथल्या घड्याळात रात्रीचे आठ वाजायची वाट पाहिली तर मध्ये 17 तास जातील. त्यांचं मनगटी घड्याळ टोकियोच्याच वेळेवर राहू द्या. तिथल्या वेळेला हळूहळू कसं जुळवून घ्यायचं ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

धागाकर्ती
दुपारी 3! मी कागदावर रात्रीचे 8 लिहून ठेवले होते. आत्ताच खोडलं. उद्याच डॉक्टरांना फोन करते. दोघांचेही मनापासून आभार. परतीचा हिशोब आता स्वतः मांडते आणि इथे टाकते, तेवढा एकदा तपासून द्याल का?