दोन जुनी वंगणं एका कोटिंगमधे घातली, पेटंट मिळावं का?

घर्षणवाला:
समजा असं पेटंट आहे. कोरडं कोटिंग, पॉलिअमाइड-इमाइड रेझिनमधे (वंगण धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकमधे) मॉली (मॉलिब्डेनम डायसल्फाइड) आणि पीटीएफई (टेफ्लॉन) दोन्ही घालून भट्टीत पक्कं केलेलं. अर्जाच्या तारखेआधी एका कागदात त्याच रेझिनमधे नुसतं मॉली, दुसऱ्यात नुसतं पीटीएफई, दोन्ही एकत्र कुठेच नाही. माझ्या मते यात शोध कसला? या कामातला कुणीही चार दिवसांत करून बघेल. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मधे केएसआर खटल्यात हेच सांगितलं, ओळखीच्या गोष्टी ओळखीच्या पद्धतीने जोडल्या आणि अपेक्षित तेच मिळालं तर ते बहुतेक ऑब्व्हियसच, म्हणजे जाणकाराला सहज सुचणारं, त्याला पेटंट नाही.

उशिरा_आलेला:
असहमत. उत्तर हातात आल्यावर गणित सोपंच वाटतं, ही निव्वळ पश्चातबुद्धी. युरोपात विचारतात की तो करू शकला असता एवढं पुरे नाही, त्याने केलं असतं का? करायला काही कारण होतं का?

घर्षणवाला:
कारण काय, दोन्ही घर्षण कमी करतात!

टेस्टरिग:
अहो तिथेच घोळ आहे. कोरडी वंगणं सगळी एका माळेचे मणी नाहीत. ग्राफाइटला घसरायला हवेतली वाफ लागते, दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश कोरड्या हवेत भराभर झिजायचे ते त्यामुळेच, आणि मॉलीचं बरोबर उलटं, ते निर्वातात मस्त आणि दमट हवेत मार खातं. पीटीएफईचं घर्षण एकदम कमी पण एकटं असेल तर झिजतंही पटापट, म्हणजे मॉलीत ते घातलं तर कोटिंग जास्त टिकेल की मऊ पडून लवकर जाईल हे मी तरी रिगवर (झीज मोजायच्या यंत्रावर) घासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

उशिरा_आलेला:
+१. आणि जुन्या कागदात 'पीटीएफई घालू नका, थर मऊ पडतो' असं असेल तर तुमचा खेळच संपला. १९६६ चा अ‍ॅडम्स बॅटरीचा खटला बघा, मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड दोन्ही माहितीतले, पण जाणकार अशा जोडीपासून लांब राहिले असते म्हणून पेटंट टिकलं.

घर्षणवाला:
'असेल तर'. तसं काही लिहिलेलं नाहीये. 'मॉली जास्त चांगलं' एवढं म्हटलं म्हणजे दुसऱ्याला मनाई होत नाही. आणि खात्री नव्हती हा बचाव कसा चालेल, यशाची वाजवी अपेक्षा असली की पुरते, शंभर टक्के खात्री कोण मागतंय?

क्लेम_वाचक:
दोघंही तत्त्वावर भांडताय, क्लेम (पेटंटमधे नेमका कशावर हक्क मागितलाय तो मजकूर) कुणी वाचला का? समजा क्लेममधे पीटीएफई ५ ते ४० टक्के आणि टेस्ट फक्त २० टक्क्यांवर. मग अनपेक्षित परिणाम दाखवला तरी तो २० चा, ५ आणि ४० ला तसंच होतं कशावरून? अजून एक, हे लोक हमखास तुलना करतात उघड्या स्टीलशी. तुलना सगळ्यात जवळच्या जुन्या कोटिंगशी हवी, म्हणजे इथे नुसत्या मॉलीवाल्याशी. उघड्या स्टीलपेक्षा काय, मेणही बरं चालेल.

टेस्टरिग:
हे मान्य, मीही आधी हेच विचारायला हवं होतं. तोच लोड, तोच वेग, तीच आर्द्रता ठेवून नुसतं मॉली, नुसतं पीटीएफई आणि मिश्रण, तिन्हींचे आकडे शेजारी ठेवा. मिश्रण दोन्हींच्या मधे कुठेतरी पडलं तर मी घर्षणवाल्यांच्या बाजूने.

घर्षणवाला:
आणि दोन्हींपेक्षा बरंच जास्त टिकलं तर?

टेस्टरिग:
तर तुम्ही 'चार दिवसांत' हे शब्द मागे घ्यायचे.

घर्षणवाला:
घेतो. पण ५ टक्क्यांवरही दाखवा आणि ४० वरही, नाहीतर त्यांनी क्लेम २० च्या आसपास आणावा, मग माझी काही तक्रार नाही.