शब्दचर्चा : शाळेतल्या भुताची ‘दंतकथा’ की ‘वदंता’?

प्रश्न :
‘जिबाकु शोनेन हानाको-कुन’ या २०२० सालच्या अॅनिमेवर, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिकेवर, मराठीत लिहिते आहे. कामोमे विद्यालयाची जुनी इमारत, तिसरा मजला, मुलींच्या स्वच्छतागृहातलं तिसरं दार. तिथे राहणारं भूत, हानाको, म्हणजे शाळेच्या सात गूढांपैकी सातवं. या गोष्टींना ‘शहरी दंतकथा’ म्हटलं, पण ‘शहरी’ खटकतं. आणि नावातल्या ‘जिबाकु’चं काय करू?

प्रतिसाद :
‘शहरी’ काढूनच टाका. पण माझ्या मते खरी अडचण ‘दंतकथा’ या शब्दाची आहे. दंतकथा जुनी असते, सांगून झालेली असते. गडाची असते, देवळाची असते. या मालिकेत मात्र सगळं ‘उवासा’वर, म्हणजे शाळेत काय बोललं जातंय त्यावर चालतं. वस्तू पळवणाऱ्या मोक्के नावाच्या छोट्या भुतांचंच बघा. ते दिसले तर मरण येतं, अशी बोलवा असते. मग शाळेतली विद्यार्थिनी नेने आणि हानाको दुसरीच गोष्ट पसरवतात, की त्यांना खाऊच्या गोळ्या दिल्या की ते चोरी करत नाहीत. आणि ते तसे वागूही लागतात! पोरं जे बोलतील तसं भुताला वागावं लागतं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : वदंता. ‘अशी वदंता आहे’ म्हणताना ती आज, आत्ता तोंडोतोंडी फिरत असते. ‘अफवा’ नको, त्यात खोटेपणा आधीच गृहीत धरलेला असतो, आणि इथे तर बोललेलं खरं होतं.

‘सात गूढं’ चालेल, पण मूळ शब्द सुंदर आहे. ‘नाना-फुशिगी’. जगातल्या सात आश्चर्यांनाही जपानीत हेच म्हणतात. ‘फुशिगी’ हा ‘फुकाशिगी’चा संक्षेप, आणि तो बौद्ध ग्रंथांतल्या आपल्या ‘अचिंत्य’चा चिनीमार्गे गेलेला अनुवाद. म्हणून मी ‘शाळेतली सात नवलं’ लिहीन.

‘जिबाकु’ म्हणजे जमिनीला बांधलेला. शब्दशः ‘स्थानबद्ध’, पण त्याला पोलिसी कारवाईचा वास येतो. मुंजा पिंपळावर असतो, तसा हा त्या दाराआड. तरी ‘मुंजा’ लिहू नका. मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, हा अर्थ त्याला चिकटलेला आहे. ‘जागेला जखडलेलं भूत’ असं सरळ लिहा.

प्रश्नकर्ती :
‘वदंता’ पटलं. आणि हाक कशी लिहू? तीनदा दार वाजवून विचारतात ती.

प्रतिसाद :
स्वच्छतागृहातल्या हानाको नावाच्या मुलीच्या भुताला बोलावण्याच्या मूळ जपानी खेळात ‘हानाको-सान, इराश्शाइमासु का?’ असं विचारतात. हे आदरार्थी रूप आहे, तेव्हा ‘हानाको, आहेस का?’ नको. ‘हानाकोसान, आहात का?’ असंच हवं. दाराआड कोण आहे हे माहीत नसताना पोरं भीतीनं अदबीनं बोलतात, ती अदब उतरली पाहिजे. नेनेही तसंच विचारते, आणि मुलगीच असणार असं धरून असते. म्हणून मुलगा बाहेर येतो तेव्हा नावापुढच्या आदरार्थी ‘सान’चं ‘कुन’ होतं. मुलग्यांना, बरोबरीच्यांना किंवा लहानांना लावतात तो ‘कुन’. तो तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगा.